गीतातला शब्द आणि भाषेतला शब्द : स्पॅनिश गीतांच्या आधारे शब्दार्जनाचा विचार

परभाषेतील शब्द गीतांच्या आधारे शिकावेत ही कल्पना नवी नाही, आणि आपल्याला तर ती मुळीच नवी वाटू नये. अमरसिंहाचे नामलिंगानुशासन मुलांनी शतकानुशतके मुखोद्गत केले ते छंदात बांधलेले होते म्हणूनच. पर्यायशब्दांच्या रांगा अनुष्टुभाच्या चरणांत बसविलेल्या असल्यामुळे एक शब्द आठवला की पुढचा आपोआप जिभेवर येई. तेव्हा स्पॅनिश भाषेचा आजचा विद्यार्थी शब्दांच्या याद्या बाजूला सारून गाण्यांकडे वळत असेल तर तो काही वावगे करतो असे म्हणता येणार नाही. मात्र अमरकोश आणि गीत यांत एक मूलभूत भेद आहे, आणि तो नजरेआड झाल्यामुळे या पद्धतीविषयी पुष्कळ सैल विधाने केली जातात. अमरकोशात छंद शब्दासाठी राबतो. गीतात शब्द छंदासाठी, चालीसाठी आणि भावासाठी राबतो. कोशातला शब्द बाहेर जाऊन कोणत्याही वाक्यात बसण्यास मोकळा असतो. गीतातला शब्द आपल्या जागी जखडलेला असतो. म्हणून गीताने शब्द लक्षात राहतो की नाही एवढाच प्रश्न विचारून भागत नाही. लक्षात राहिलेला शब्द त्या गीतातून सुटा होतो की नाही, आणि सुटा होताना तो कोणता अर्थ बरोबर घेऊन येतो, हा खरा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात काही प्रसिद्ध स्पॅनिश गीतांच्या आधारे त्याचा विचार केला आहे. (स्पॅनिश शब्दांचे उच्चार लॅटिन अमेरिकेतील प्रचलित उच्चारानुसार दिले आहेत.)

स्मरणाच्या बाजूने जे म्हणता येण्याजोगे आहे ते आधी मान्य करू. वांडा वॉलेस यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, चाल साधी असून ती कडव्यामागून कडव्यात पुन्हापुन्हा येत असेल तर शब्द नुसते ऐकण्यापेक्षा गाण्यातून ऐकल्यास अधिक आठवतात. एकच कडवे एकदाच ऐकविले तर मात्र चालीचा लाभ होत नाही. आपल्याकडील ओवी ज्यांनी जात्यावर ऐकली असेल त्यांना यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. पुढे २०१४ साली लुडके, फरेरा आणि ओव्हरी या एडिंबरोच्या संशोधकांनी साठ प्रौढांना हंगेरियन भाषेतील लहान वाक्ये शिकविली : काहींना बोलून, काहींना तालात बोलून, काहींना गाऊन. मूळ वाक्य जसेच्या तसे म्हणून दाखविण्यात गाणारा गट सरस ठरला. पण सर्वच चाचण्यांत असा फरक दिसला नाही, ही गोष्ट या प्रयोगाचा हवाला देणारे बहुधा सांगत नाहीत. जसेच्या तसे म्हणता येणे ही एक सिद्धी आहे आणि शब्द हवा तेव्हा हवा तिथे वापरता येणे ही दुसरी.

या दोहोंतील अंतर पाढे पाठ केलेल्या कोणालाही ठाऊक आहे. ‘सात सक किती?’ असे अचानक विचारले की पुष्कळ मुले मनातल्या मनात ‘सात एके सात’पासून सुरुवात करून सहाव्या पायरीपर्यंत येतात आणि मगच उत्तर देतात. त्यांना पाढा येतो. सात सक येत नाही. गीतातून शब्द शिकलेल्या विद्यार्थ्याची अवस्था प्रथम अशीच असते. ‘विसरणे’ याला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात असे विचारताच तो गाण्याची पहिली ओळ गुणगुणू लागतो, आणि तो शब्द तिसऱ्या ओळीत असेल तर आपल्याला तितका वेळ थांबावे लागते. शिवाय तो शब्द त्याला ज्या पुरुषात, ज्या काळात गाण्यात आला असेल त्याच रूपात भेटतो. गाण्यात ‘मी विसरलो’ असेल तर ‘तू विसरशील का?’ हे त्याला नव्याने घडवावे लागते.

आता ध्वनीकडे वळू. कारण या पद्धतीचे सर्वांत मोठे श्रेय आणि सर्वांत मोठा धोका, दोन्ही तेथे आहेत. स्पॅनिश भाषेत एका शब्दाच्या अंती आणि पुढच्या शब्दाच्या आरंभी स्वर आले तर ते एकाच अक्षरात मिसळतात. यास तेथील छंदःशास्त्रात ‘सिनालेफा’ म्हणतात. ‘मी आमीगो’ (माझा मित्र) हे दोन शब्द लिहिताना वेगळे असले तरी म्हणताना ‘म्यामीगो’ असे तीनच अक्षरांचे होतात. संस्कृताचा यण् संधी ज्याने घोटला आहे त्या मराठी विद्यार्थ्याला यात आपल्या ओळखीचेच काही दिसावे. भेद इतकाच की, संस्कृतात संधी लेखनात उतरतो, स्पॅनिशमध्ये तो केवळ मुखात राहतो. तोमास नावारो तोमास यांनी आपल्या १९१८ च्या उच्चारविषयक ग्रंथात या स्वरमीलनाची सविस्तर चर्चा केली आहे. आणि हे मीलन पद्याची खास सवलत नसून साध्या बोलण्याचाच धर्म आहे हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. पुस्तकावरून शिकणारा ‘मी… आमीगो’ असे तुटक म्हणत राहतो. गाणारा पहिल्या दिवसापासून ‘म्यामीगो’ म्हणतो. येथे गीत निःसंशय उत्तम गुरू आहे. पण त्याच मीलनामुळे शब्दाची हद्द पुसली जाते. केवळ ऐकून शिकणारा ‘म्यामीगो’ हाच ‘मित्र’ या अर्थाचा शब्द समजला तर त्याला हसण्यात अर्थ नाही. त्याला छापील ओळ दाखविली नाही, हा शिकविणाऱ्याचा दोष.

आघाताचे प्रकरण याहून नाजूक आहे. मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ बदलत नाही, म्हणून आपले लक्ष तिकडे सहसा जात नाही. स्पॅनिशमध्ये मात्र तो अर्थाचा वाहक आहे. ‘तेर्मिनो’ या एकाच अक्षरमालिकेत आघात पहिल्या अक्षरावर दिला तर ‘सीमा’ किंवा ‘संज्ञा’ असे नाम होते, दुसऱ्यावर दिला तर ‘मी संपवितो’, आणि शेवटच्यावर दिला तर ‘त्याने संपविले’. आज्ञार्थी क्रियापदाला सर्वनाम जोडले तरी आघात मूळ जागीच राहतो, म्हणून शब्द लांबला की लेखनात आघातचिन्ह द्यावे लागते. कोन्सुएलो व्हेलास्केस या मेक्सिकन रचनाकर्तीच्या जगप्रसिद्ध बोलेरोच्या शीर्षकातला पहिला शब्द, ‘बेसामे’, याचे चोख उदाहरण आहे. आता गाण्यात तालाची सम कोठे पडावी हे व्याकरण ठरवीत नाही, चाल ठरविते. लोकप्रिय स्पॅनिश गीतांत अशा जोडरूपांची सम कित्येकदा शेवटच्या अक्षरावर पडते, आणि जन्मजात स्पॅनिश भाषकाला त्याने काहीच बिघडत नाही, कारण खरा आघात त्याच्या कानात आधीच बसलेला असतो. परकीय विद्यार्थ्याच्या कानात मात्र गाण्याचा आघात हाच पहिला आणि एकमेव असतो. त्यातच क्यूबा किंवा पोर्तो रिको येथील गायक असेल तर अक्षराच्या अंतीचा ‘स’ हकारासारखा विरून जातो, आणि स्पॅनिशचे अनेकवचन बहुतांशी त्या ‘स’वरच उभे असते. अशा गाण्यातून शब्द शिकलेल्याचे एकवचन आणि अनेकवचन एकच होऊन बसते.

शब्दाच्या जागेचा प्रश्न ‘सिएलितो लिंदो’ या मेक्सिकन गीतात फार चांगला दिसतो. किरीनो मेन्दोसा इ कोर्तेस यांच्या नावावर असलेले, १८८२ सालचे मानले जाणारे हे गीत नवशिक्यांना हमखास शिकविले जाते. त्याचे पद सात आणि पाच अक्षरांच्या आलटून पालटून येणाऱ्या ओळींचे आहे. हा सेगिदिया नावाचा स्पेनमधील जुना लोकछंद. परंतु गाताना या ओळींच्या मध्येमध्ये शीर्षकाचे दोन शब्द संबोधन म्हणून घातले जातात, जसे आपल्या भजनी मंडळात अभंगाच्या चरणांमध्ये पालुपद घातले जाते. परिणाम असा की स्थलवाचक पद एकीकडे राहते, क्रियापद दुसरीकडे, कर्ता तिसरीकडे, आणि नवशिका त्या संबोधनालाच वाक्याचा कर्ता समजून बसतो. हे गीत शिकवू नये असे मुळीच सुचवावयाचे नाही. ते शिकविताना आधी पालुपद काढून पद सलग वाचून दाखवावे, मग पालुपद घालून गावे. अभंगाचा अर्थ सांगणारा कीर्तनकार नेमके हेच करतो. या गीताची आणखी एक गंमत आहे. चोरटा व्यापार या अर्थाचा ‘कोन्त्राबान्दो’ हा शब्द त्यात येतो. त्यामुळे स्पॅनिशच्या पहिल्या महिन्यातच ज्याला ‘भाकरी’, ‘जिना’, ‘उद्या’ हे शब्द येत नाहीत अशा विद्यार्थ्याला तस्करीचा शब्द मात्र बिनचूक येतो.

यमकाविषयी थोडेसेच. यमक शब्दांचे कळप बनविते, आणि कळपाने शिकणे सोपे असते हे खरे. ‘कान्सियोन’ (गीत), ‘पासियोन’ (आवेग), ‘इलुसियोन’ (आशा, भ्रम) हे शब्द प्रेमगीतांत एकमेकांच्या हातात हात घालून येतात, तिन्ही स्त्रीलिंगी. पण त्यांच्याच पंक्तीला ‘कोरासोन’ (हृदय) येऊन बसतो, आणि तो पुल्लिंगी आहे. यमकाने जुळविलेले हे नाते लिंगाच्या बाबतीत खोटे ठरते. ‘आल्मा’ (आत्मा, जीव) याची कथा उलट आहे. तो स्त्रीलिंगी असूनही आरंभीच्या आघातयुक्त ‘आ’मुळे एकवचनात ‘एल’ हे पुल्लिंगीसारखे दिसणारे उपपद घेतो. शेकडो गाण्यांत ‘एल आल्मा’ ऐकलेल्या माणसाला तो पुल्लिंगी वाटला तर नवल नाही. एखाद्या दुसऱ्या गीतात त्याच्यापुढे स्त्रीलिंगी विशेषण आले की मगच उलगडा होतो. तात्पर्य, एका गीताने केलेली चूक दुसरे गीत दुरुस्त करते, पण त्यासाठी दोन्ही गीते एकत्र ठेवणारा कोणी तरी असावा लागतो.

याहून व्यापक आक्षेप शब्दांच्या व्याप्तीचा आहे. टिम मर्फी यांनी १९९२ साली इंग्रजी लोकप्रिय गीतांची भाषा तपासली, तेव्हा त्यांना असे दिसले की त्यांत ‘मी’ आणि ‘तू’ यांची रेलचेल असते, परंतु हा ‘मी’ कोण, ही ‘तू’ कोण, कोठे आणि केव्हा, याचा पत्ता नसतो. म्हणूनच ऐकणारा ते शब्द स्वतःला लावून घेतो. मर्फींना यात शिकणाऱ्याचा लाभ दिसतो, आणि तो काही अंशी आहेच. पण हेच निरीक्षण बोलेरोला लावून पाहिले तर त्याची दुसरी बाजू ध्यानी येते. हृदय, रात्र, चंद्र, ओठ, विरह, विसर, परतणे, रडणे : या मोजक्या शब्दांत बोलेरोचे जग उभे राहते, आणि त्या जगात घर असले तरी घरातल्या वस्तू नसतात.

येथे मराठी भाषकाच्या दृष्टीने एक चमत्कारिक गोष्ट घडते. पोर्तुगीजांच्या सहवासाने आपल्या भाषेत जे शब्द आले ते बव्हंशी घरगुती आणि व्यवहारातले आहेत : पाव, चावी, बिजागरी, पगार, बटाटा. स्पॅनिश ही पोर्तुगीजची सख्खी बहीण असल्यामुळे यांचे नातलग तिच्यातही आहेत. पावाला ‘पान’ (यावर आपण हसून घ्यावे आणि पुढे जावे), चावीला ‘यावे’, बिजागरीला ‘बिसाग्रा’, मोबदला देण्याला ‘पागार’, आणि बटाट्याला स्पेनमध्ये ‘पाताता’. म्हणजे ज्या शब्दांपर्यंत मराठी विद्यार्थी स्वतःच्या स्वयंपाकघरातून पोहोचू शकतो, नेमके तेच शब्द प्रेमगीतांत जवळजवळ नसतात. गीतांनी जे शब्द दिले ते त्याला सर्वस्वी परके, आणि जे त्याच्या घरात चारशे वर्षे नांदत आहेत त्यांची ओळख कोणी करून देत नाही. शब्दार्जनाची कोणतीही पद्धत शिकणाऱ्याच्या मातृभाषेकडे पाठ करून आखली की असे होते. इतर देशांत तयार झालेले गीतसंग्रह जसेच्या तसे उचलण्यात हा तोटा आहे.

बोलेरोचे शब्द निदान सर्व स्पॅनिश प्रदेशांत चालतात. टँगोचे तसे नाही. १९१७ साली कार्लोस गार्देलने गायिलेले ‘मी नोचे त्रीस्ते’ हे शब्दप्रधान टँगोचा आरंभ मानले जाते. पास्कुआल कोन्तुर्सीने आधीच तयार असलेल्या एका वाद्यरचनेवर ते शब्द बसविले. त्याचा पहिलाच शब्द ‘पेर्कान्ता’ (प्रेयसी, बाई) आणि त्यानंतर लगेच येणारे ‘आमुरार’ (सोडून जाणे) हे क्रियापद, दोन्ही लुनफार्दो या ब्वेनोस आयरेसच्या वस्त्यांतील बोलीचे आहेत. स्थलांतरितांच्या, विशेषतः इटालियनांच्या, भाषांतून हिने भरपूर उचल केली. ही बोली इतकी जिवंत आणि सत्ताधाऱ्यांच्या कानाला इतकी खुपणारी होती की १९४३ नंतर काही वर्षे अर्जेंटिनाच्या नभोवाणीवर तिला बंदी झाली आणि प्रसिद्ध टँगोंचे शब्द बदलून गावे लागले. पुढे १९६२ साली त्याच शहरात तिच्या अभ्यासासाठी स्वतंत्र अकादमी स्थापन झाली. मेक्सिकोत हे शब्द कोणी सहज समजून घेईल असा भरवसा नाही. तरीही टँगो टाळावा असे म्हणणे हा अरसिकपणा होईल. लावणी टाळून मराठी शिकविण्यासारखेच ते आहे. फक्त अशा गीतातला शब्द कोणाच्या तोंडचा, कोणत्या वस्तीतला, हे शब्दाबरोबरच सांगितले पाहिजे. शब्दसूचीत ‘पेर्कान्ता = स्त्री’ असे लिहून मोकळे होणे म्हणजे विद्यार्थ्याला तोंडघशी पाडण्याची तयारी करणे होय.

शब्दसूचीचा विषय निघालाच आहे, तर ज्या गीतापाशी मला मुख्यतः थांबावयाचे आहे त्याकडे येतो. चिलीची लोकगायिका व्हियोलेता पार्रा हिचे ‘ग्रासियास आ ला व्हीदा’ हे गीत १९६६ च्या तिच्या ‘अखेरच्या रचना’ या तबकडीत आले. फेब्रुवारी १९६७ मध्ये तिने स्वतःचे जीवन संपविले. १९७१ मध्ये मेर्सेदेस सोसा हिने ते गाऊन सर्वदूर नेले. जीवनाचे आभार मानणारे हे गीत शब्दार्जनाच्या दृष्टीने असाधारण आहे, आणि याचे कारण त्याच्या रचनेत आहे. प्रत्येक कडव्यात जीवनाने दिलेली एकेक देणगी सांगितली जाते : दृष्टी, श्रवण, ध्वनी आणि वर्णमाला, थकलेले पाय, हृदय, शेवटी हसू आणि अश्रू. म्हणजे शब्दांचा क्रम शरीराच्या आणि अनुभवाच्या क्रमाने लागलेला आहे. अमरकोशाच्या वर्गांप्रमाणे येथेही वर्ग आहेत. पण ते सूचीकाराने पाडलेले नाहीत, कृतज्ञतेने पाडले आहेत. आणि बोलेरोत ज्यांचा शोध करून दमावे असे शब्द येथे सहज भेटतात. श्रवणाच्या कडव्यात रातकिडा (‘ग्रीयो’), हातोडा (‘मार्तीयो’), कुत्र्याचे भुंकणे (‘लाद्रीदो’) आणि पावसाची सर (‘चुबास्को’) यांना स्थान आहे. यंत्रातली टर्बाइनदेखील आहे. पायांच्या कडव्यात वाळवंट आणि डोंगर यांच्या बरोबरीने साधे डबके (‘चार्को’) आहे. प्रेमगीतात डबके येऊ शकते, आणि त्याने प्रेम उणे होत नाही, हे पार्राचे मोठेपण. हातोड्याचा आवाज ऐकू येणे ही जिला देणगी वाटते ती बाई श्रमिकांच्या जगातली आहे, हे त्या एका नामावरून कळते.

याच गीताचा पहिला वाटा ‘लुसेरो’ या शब्दाचा आहे, आणि आमच्या प्रश्नाची कसोटी तेथे लागते. जीवनाने आपल्याला दोन ‘लुसेरो’ दिले असे पार्रा म्हणते. संदर्भावरून हे डोळे आहेत याविषयी शंका राहत नाही, कारण त्यांच्या उघडण्याचा आणि त्यांनी पाहण्याचा उल्लेख लगेच येतो. विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या कितीतरी शब्दसूच्यांत म्हणून ‘लुसेरो = डोळा’ असे सरळ छापलेले असते. पण ‘लुसेरो’ म्हणजे डोळा नव्हे. तो आकाशातला ठळक तारा, विशेषतः पहाटेचा शुक्र. विद्यार्थी उद्या नेत्रवैद्याकडे जाऊन आपला डावा ‘लुसेरो’ दुखतो असे सांगेल, हा या चुकीचा क्षुल्लक भाग झाला. मोठी हानी अशी की, समीकरण मांडताच त्या ओळीतली कविता नाहीशी होते. पार्राने ‘ओहो’ हा डोळ्याचा साधा शब्द हाताशी असताना येथे तारा योजला, आणि पुढे त्याच कडव्यात खऱ्या आकाशातील ताऱ्यांचा निर्देश केला. म्हणजे माणसाच्या चेहऱ्यावरचे दोन तारे वरच्या ताऱ्यांकडे पाहतात. शब्द आणि त्याचा अर्थ यांमध्ये हे जे अंतर आहे त्यातच ते कडवे श्वास घेते. सूचीकाराने ते अंतर बुजवून टाकले. त्याने केवळ एक शब्द चुकीचा दिला नाही. त्याने वाईट समीक्षा केली, आणि समीक्षा करीत आहोत याची जाणीव नसताना केली. गीताखाली छापलेली प्रत्येक शब्दसूची ही त्या गीताची टीका असते. हा विषय म्हणूनच भाषाशिक्षकांच्या हातचलाखीवर सोपवून साहित्याच्या अभ्यासकांनी स्वस्थ बसण्याजोगा नाही.

हेच थोड्या हलक्या स्वरूपात एका बालगीतात दिसते. कोंबडीच्या पिलांवरचे ‘लोस पोयितोस दीसेन’ हे गीत लॅटिन अमेरिकेतल्या मुलांना बोलू लागण्याच्या वयातच येते. त्यात भूक आणि थंडी यांसाठी ‘तेनेर’ (जवळ असणे) हे क्रियापद वापरले आहे. स्पॅनिशमध्ये भूक ‘असते’, ती माणसाच्या मालकीची असते. मराठीत भूक आपल्याला ‘लागते’, थंडी ‘वाजते’. आपण तिचे लक्ष्य असतो. हा फरक व्याकरणाच्या पानाने सांगितला तर विसरतो, गीताने सांगितला तर राहतो, कारण येथे शब्दाची जागा आणि भाषेतली जागा एकच आहे. पण याच गीतातील ‘आब्रीगो’ म्हणजे आईच्या पंखांखालची ऊब, निवारा. दुकानात तो शब्द उच्चारला तर समोर कोट येतो. दोन्ही अर्थ एकाच मुळाचे आहेत, आणि कोणता आधी सांगावा हे शिक्षकाने ठरवायचे आहे. माझ्या मते पंख आधी सांगावेत.

यावर कोणी असे म्हणेल की, गाणे हे गाण्यासाठी असते; त्याची अशी चिरफाड केली तर ज्या आनंदापोटी विद्यार्थी तिकडे वळला तोच नष्ट होईल. या आक्षेपात तथ्य आहे, आणि वर्गात गाणे वाजवून लगेच रिकाम्या जागा भरण्याचे कागद वाटणाऱ्यांना तो लागूही पडतो. पण केवळ आनंदाच्या मार्गाने जगभर पोहोचलेल्या शब्दांचे काय झाले तेही पाहावे. २०१७ साली लुईस फोन्सीच्या ‘देस्पासितो’ने आपल्या गल्ल्याही दणाणून सोडल्या. तो शब्द उच्चारू शकणाऱ्यांपैकी किती जणांना तो ‘हळू’ या क्रियाविशेषणाला लघुत्वदर्शक प्रत्यय लावून झाला आहे हे ठाऊक होते? मराठीतल्या ‘हळूच’शी त्याची जवळीक दाखविणे हे अर्ध्या मिनिटाचे काम होते, आणि तेवढ्याने नामांना लागणारा ‘इतो’ क्रियाविशेषणालाही लागतो हा स्पॅनिशचा खास लाडिकपणा कळला असता, शिवाय ‘सिएलितो’मधला ‘इतो’ही उलगडला असता. अर्ध्या मिनिटाने गाण्याचा आनंद कमी झाला असता असे मला वाटत नाही. लक्षावधी लोकांना तो शब्द आला, पण तो एका गाण्याचे नाव म्हणून आला.

‘ग्वान्तानामेरा’चे उदाहरण याहून बोलके आहे. त्यातील कडवी क्यूबाचा कवी होसे मार्ती याच्या १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘व्हेर्सोस सेन्सीयोस’ (साधी पद्ये) या संग्रहातून घेतली आहेत. नाव सार्थ आहे : आठ अक्षरांच्या सुटसुटीत ओळी, आणि शब्दही नवशिक्याच्या आवाक्यातले. १९६३ साली पीट सीगरने न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये हे गीत गायिले, आणि तेव्हापासून ते स्पॅनिश वर्गांचे आवडते झाले. परंतु जगाला पाठ झालेले ध्रुपदाचे दोन शब्द, ‘ग्वाहीरा’ (खेड्यातली बाई) आणि ‘ग्वान्तानामेरा’ (ग्वान्तानामो प्रांतातली), मार्तीचे नाहीतच; ते मूळ चालीबरोबर आलेले आहेत. मार्तीचे साधे शब्द, जे खरोखर शिकण्याजोगे, ते कडव्यांत राहिले आणि कडवी लोक गुणगुणत नाहीत. ध्रुपद शब्द पाठ करविते पण मोजकेच करविते, हे या पद्धतीचे एक जुने दुखणे आहे.

मात्र याच चालीच्या पूर्वेतिहासात एक वाट दडलेली आहे, आणि तिच्याकडे फारसे कोणी पाहिलेले नाही. मार्तीची पद्ये या चालीवर बसविली जाण्यापूर्वी होसेईतो फेर्नान्देस हा गायक १९४० च्या दशकात क्यूबाच्या नभोवाणीवर याच चालीत दिवसभराच्या घडामोडी गात असे. अपघात, भांडणे, गुन्हे, जे घडेल ते आठ अक्षरी ओळींच्या दशपदीत बसवून तो त्याच ध्रुपदाशी आणून सोडी. म्हणजे चाल तीच, शब्द रोज नवे. गीतात जखडलेल्या शब्दाला सुटा करण्याची युक्ती एका लोकगायकाच्या पोटापाण्याच्या धंद्यात आयतीच तयार होती. विद्यार्थ्याने मार्तीची कडवी पाठ करावीत, जरूर करावीत. पण त्यानंतर त्याच मापात आपल्या घरातले शब्द बसवून पाहावेत. माप पाळायचे म्हटले की अक्षरे मोजावी लागतात, स्वर कोठे मिसळतात हे ऐकावे लागते, आणि सातव्या अक्षरावर आघात येईल असाच शब्द शोधावा लागतो. वर ज्या ज्या ठिकाणी गीत दगा देते म्हटले, त्या त्या ठिकाणी कान आपोआप सावध होतो. माप काही अवघड नाही. साधे बोलणे पुष्कळदा त्यात आपणहून बसते, म्हणून तर स्पेनच्या जुन्या पोवाडेवजा ‘रोमान्से’नीही हेच माप पत्करले. दाराची बिजागरी घ्या : ‘ला बिसाग्रा दे ला प्वेर्ता’. मोजून आठ अक्षरे, आघात सातव्यावर, आणि पुढची ओळ ती बिजागरी कुरकुरते की नाही यावर अवलंबून.